‘मला नाही येत’ हे मूल शिकते कुठे?

भिवंडी शहर सोडून वाड्याच्या रस्त्याला लागले की यंत्रमागांचा खडखडाट मागे पडतो. दिवाळीनंतरच्या दिवसांत रस्त्यालगतच्या शेतांत कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा दिसू लागतात. कडेला विटांच्या आणि पेंढ्याच्या झोपड्या उभ्या राहतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर या भागांतील पाड्यांवरून आलेली कुटुंबे पावसाळा तोंडावर येईपर्यंत तेथेच राहतात. त्यांत कातकरी समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. बहुतेकांनी हंगामाआधीच मालकाकडून बयाणा घेतलेला असतो आणि तो फेडायचा असतो विटा पाडून.

भट्टीवर हिशेब हजाराने चालतो. एका रांगेत किती विटा, आज किती रांगा झाल्या, हजाराला अजून किती कमी, हे तेथील नऊ-दहा वर्षांच्या मुलाला बसल्या जागी सांगता येते. तो पहाटे आईबापांबरोबर उठतो, वाळत घातलेल्या विटा उलटतो, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरतो. त्याच मुलाच्या हाती पाटी देऊन त्याच आकड्यांची उभी मांडणी करायला सांगितली, की तो मान खाली घालतो आणि म्हणतो, ‘मला नाही येत.’

हे त्याचे वाक्य खरे आहे का? आणि ते त्याला शिकवले कोणी? शिक्षण आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांनी गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर बरेच काम केले आहे. शाळा सुटलेल्या मुलांबद्दलच्या आपल्या काही ठाम समजुती त्या कामासमोर टिकत नाहीत.

स्वतःविषयीचे एक चित्र नसते

प्रत्येक मूल स्वतःविषयी काही कल्पना बाळगून असते. मी कसा आहे, मला काय जमते, लोक मला काय समजतात, या सगळ्याला मानसशास्त्रात ‘स्व-संकल्पना’ म्हणतात. पूर्वी ती एकसंध मानली जाई: मुलाला स्वतःबद्दल एक तर चांगले वाटते किंवा वाईट. १९७६ साली रिचर्ड शॅव्हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. स्व-संकल्पनेला अनेक कप्पे असतात, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासातला ‘मी’ वेगळा, मित्रांमधला ‘मी’ वेगळा, शरीराने धडधाकट असलेला ‘मी’ आणखी वेगळा. अभ्यासातही गणितातला आणि भाषेतला ‘मी’ एकच असेल असे नाही. पुढे हर्बर्ट मार्श यांनी हे कप्पे प्रत्यक्ष मोजून दाखवले आणि अभ्यासाविषयीची स्व-संकल्पना व प्रत्यक्ष प्रगती या दोन्ही गोष्टी एकमेकींना घडवतात, हेही मांडले. जमले की आपल्याला जमते असे वाटते. जमते असे वाटले की मूल पुढचे गणित हातात घेते.

भट्टीवरच्या मुलाला ही मांडणी लावून पाहा. ओढ्यात मासे धरणे, रानातले कंद ओळखणे, भावंडे सांभाळणे, विटांचा हिशेब ठेवणे या बाबतींत त्याचे स्वतःविषयीचे मत चांगलेच असते. रिकामा असतो तो फक्त शाळेचा कप्पा, किंवा ‘नाही येत’ने भरलेला असतो.

हिनवले गेलेले मूल स्वतःला हीन समजते का?

ज्या समाजाला सगळे कमी लेखतात, त्याची मुलेही स्वतःला कमीच समजत असणार, असे आपण गृहीत धरतो. १९७१ साली मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी निघेल ही अपेक्षा होती. तो कमी निघाला नाही. १९८९ साली जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून त्यामागची कारणे मांडली. मूल स्वतःची तुलना मुख्यतः आपल्यासारख्यांशीच करते. झालेल्या अपमानाचे खापर ते स्वतःवर न फोडता समोरच्याच्या पूर्वग्रहावर फोडू शकते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ज्या क्षेत्रात आपल्याला वारंवार कमी लेखले जाते, त्या क्षेत्राला किंमत देणेच ते बंद करते.

हे तिसरे कारण शाळेला फार महाग पडते. ‘मी वाईट’ असे म्हणण्यापेक्षा ‘शाळा माझ्यासाठी नाही’ असे म्हणणे मुलाच्या मनाला सोसते. क्लॉड स्टील यांनी नव्वदच्या दशकात या माघारीचे विस्ताराने विवेचन केले. मूल शाळेतून अंग काढून घेते ते आळसाने किंवा बेफिकिरीने नव्हे. ते स्वतःला सांभाळत असते. बाहेरून मात्र आपल्याला दिसते ती ‘शाळेची नावड’, आणि मग आपण म्हणतो, ‘त्यांना शिकायचेच नसते.’

पाणी, नाक, कान

हा प्रश्न भिवंडीपुरता किंवा भारतापुरता नाही. युरोपातील रोमा समाजाचे पूर्वज भारतातून गेले, हे भाषाशास्त्राने फार पूर्वीच दाखवून दिले आहे. त्यांच्या रोमानी भाषेत आजही पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही त्यांचे मूळ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या वायव्य भारतात असल्याचे दाखवले. कातकरी आणि रोमा यांचा थेट संबंध आहे, असे यातून म्हणता येत नाही. दोघांच्या मुलांची शाळेत होणारी गत मात्र विलक्षण सारखी आहे.

चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्रावा शहरात रोमा मुले प्राथमिक शाळांतील एकूण मुलांच्या २.२६ टक्के होती. पण मतिमंद मुलांसाठी असलेल्या ‘विशेष’ शाळांत निम्म्याहून अधिक मुले रोमा होती. रोमा मुलाला अशा शाळेत टाकले जाण्याची शक्यता इतर मुलापेक्षा २७ पट होती. हे सगळे बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे, कागदोपत्री नियमानुसार चालले होते. अठरा रोमा मुलांच्या वतीने हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल १३ विरुद्ध ४ मतांनी दिला. त्या चाचण्या घेताना रोमा मुलांची भाषा आणि जगणे लक्षात घेतले गेले नव्हते. चाचणीने मोजली होती ती शाळेच्या जगाशी असलेली ओळख. तिलाच बुद्धी समजले गेले.

आपल्याकडे अशा वेगळ्या शाळा नाहीत. वर्गातली मागची रांग आहे. कातकरी मूल घरी कातकरी बोलीत बोलते. पहिलीच्या पुस्तकातील मराठी त्याला अर्धी कळते, अर्धी कळत नाही. ते गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला ‘मंद’ म्हणायला फार दिवस लागत नाहीत. त्यात दिवाळीनंतर ते नाहीसे होते आणि पावसाळ्यात परत येते. म्हणजे दुसरे सत्र जवळपास संपूर्ण बुडते. वर्ग पुढे गेलेला असतो आणि मूल आपल्या वयाच्या मुलांपेक्षा दरवर्षी थोडे अधिक मागे पडते.

नाव पुकारले आणि गणित चुकले

मुलाच्या कामगिरीवर त्याच्या समाजाच्या नावाचा परिणाम किती होतो, याचा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलय्ये सोडवायला दिले. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळणार होते. मुलांच्या जातीचा उल्लेख झाला नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मग दुसऱ्या काही गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली. तेवढ्याने दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या जवळजवळ पाव हिश्श्याने घसरली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. फक्त ‘तू कोण’ याची सर्वांदेखत आठवण करून दिली गेली होती.

दुसरा प्रयोग मोठ्यांवरचा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि त्यांवर विद्यार्थ्याची जात मनाने, कोणतीही, लिहिली. ‘खालची’ जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना त्याच उत्तरांसाठी थोडे कमी गुण मिळाले. फरक छोटा होता. पण तो रोज, प्रत्येक वहीत, वर्षानुवर्षे साठत गेला तर काय होईल, याची कल्पना करता येते. हे शिक्षक दुष्ट होते असे नाही. बहुतेकांना आपण असे करतो आहोत हे जाणवतही नसावे.

गणित रस्त्यावरचे आणि फळ्यावरचे

आता भट्टीवरच्या हिशेबाकडे परत येऊ. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात नारळ, लिंबे असा माल विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांची गणिते तीन संशोधकांनी नोंदवली. गाड्यावर गिऱ्हाइकाशी हिशेब करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर आलेली उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. पाच मुले म्हणजे अगदी लहान नमुना. पण २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांच्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसले. बाजारातील अवघड हिशेब ती तोंडी करतात आणि शाळेतील सोपे गणित त्यांना अडते. याच अभ्यासातील दुसरी बाजू अधिक बोलकी आहे: नियमित शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते.

तेव्हा ‘मला नाही येत’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. येते, पण शाळेच्या भाषेत येत नाही. या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम मुलाचे नसून शिकवणाऱ्याचे आहे.

डोक्याआधी पोट आणि कान

या विषयाला आरोग्याची एक बाजू आहे आणि ती सहसा विसरली जाते. शाळेत न जाणाऱ्या मुलाचे केवळ धडे बुडत नाहीत. मध्यान्ह भोजन बुडते. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या बुडतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा असतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. फेब्रुवारीत ही मुले भट्टीवर असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत होणारी तपासणीही त्यांना चुकते.

याचा शिकण्याशी थेट संबंध आहे. लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात मूल लवकर थकते, लक्ष टिकत नाही, वर्गात पेंगते. कान वारंवार फुटत असेल तर ऐकू कमी येते आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. दृष्टिदोष असेल तर फळा धूसर दिसतो. सिकलसेलचा आजार आदिवासी भागांत आढळतो. त्यात अंगदुखीने मूल वरचेवर गैरहजर राहते. या सगळ्यांची वर्गातील लक्षणे एकच दिसतात: गप्प, सुस्त, मागे. म्हणून कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात मंद’ असे लिहिण्यापूर्वी त्याचे हिमोग्लोबिन, कान आणि डोळे तपासले गेले पाहिजेत. यातील बहुतेक गोष्टींवर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुढे सरकारी व्यवस्थेत उपचार आहेत. ‘मंद’ या शिक्क्यावर मात्र औषध नाही.

शाळाच मुलांकडे गेली तेव्हा

उपाय आपल्या परिसरातच शोधले गेले आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांना आणि अनुताई वाघ यांना तेथे वारली मुलांच्या बाबतीत हाच अनुभव आला. मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती आणि भावंडे सांभाळत होती. मग मुलांच्या अंगणात अंगणवाडी भरली आणि गुरे चरतात तेथे कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच शिकण्याचे साहित्य झाले. मुलाला जे येत होते, तेथून धडा सुरू झाला.

वीटभट्ट्यांवर हाच विचार ‘भोंगा शाळे’च्या रूपाने आला. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. वसई-भिवंडी परिसरात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच अशा शाळा भरवायला सुरुवात केली. मजुरांच्या झोपड्यांसारख्याच झोपडीत, मुलांच्या ओळखीच्या माणसांनी शिकवलेली ही शाळा होती. तेथे दाराशी बूट, दप्तर, गणवेश यांची परीक्षा नव्हती.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही पुरावा आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी त्याच वस्तीतील तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. त्या मुलांना इयत्तेप्रमाणे न शिकवता त्यांना जेथवर येते तेथून पुढे शिकवत. या उपक्रमाचा शास्त्रीय पडताळा झाला आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, विशेषतः जी सर्वांत मागे होती त्यांची.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘आत्मविश्वास वाढवा, बाकी आपोआप होईल’ असे सांगणारी शिबिरे आणि भाषणे पुष्कळ असतात. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. नुसता आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. ‘शाब्बास, तू हुशार आहेस’ असे म्हणून मुलाला वाचता येत नाही. त्याला एक ओळ वाचता आली, ती वाचता आल्याचे कोणी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ समोर ठेवली, तर शाळेचा तो रिकामा कप्पा भरू लागतो.

आपल्या हातात काय?

कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जन्माचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी जादा शिकवायचे, असेही कायदा सांगतो. मातृभाषेतून शिकवण्याची शक्य तेवढी सोय करावी, हेही त्यात आहे. मारहाणीइतकाच मानसिक छळही त्याने निषिद्ध ठरवला आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली जातात, ती मुलांना आजी-आजोबांसह गावीच राहता यावे म्हणून. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या पाड्यांवरही त्या दिशेने विचार व्हायला हवा.

शिक्षकांसाठी काही गोष्टी साध्या आहेत. हजेरी घेताना किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मुलाची जात-जमात सर्वांसमोर पुकारू नये. भट्टीवरून परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे दरडावून विचारण्याऐवजी ‘हजार विटांना किती रांगा लागतात, सांग बघू’ असे विचारावे आणि ते गणित फळ्यावर मांडावे. त्याच्या बोलीतील शब्द वर्गात उच्चारला गेला तर हसू नये. तो फळ्यावर लिहावा आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहावा.

पालकांच्या बाजूनेही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मुलाला भट्टीवर नेणारे आईबाप शिक्षणाचे शत्रू नसतात. बयाणा फेडायचा असतो, गावी मुलाला जेवू घालायला कोणी नसते आणि धाकट्याला सांभाळायला थोरलीच लागते. म्हणून मुलींची शाळा बहुधा आधी सुटते. कर्जाचे हे ओझे तसेच ठेवून नुसत्या समुपदेशनाने मुले शाळेत टिकतील, अशी अपेक्षा धरणे चूक ठरेल.

जूनचा दिवस

पाऊस सुरू झाला की भट्ट्या बंद होतात. कुटुंबे पाड्यावर परततात, भातलावणीची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास शाळा उघडते. दहा वर्षांचा तो मुलगा शाळेच्या दाराशी येऊन उभा राहतो. गेल्या वर्षीची मुले वरच्या वर्गात गेलेली असतात. आत जायचे की ओढ्याकडे वळायचे, हे त्याचे अजून ठरलेले नसते. ओढ्यावर त्याला सगळे येते.

आत बसलेले गुरुजी किंवा बाई त्या क्षणी काय म्हणतात, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. मुलाने स्वतःबद्दलचे मत अजून कायमचे ठरवलेले नाही, हे या सगळ्या संशोधनातून हाती आलेले सर्वांत आशादायक उत्तर आहे. ‘मला नाही येत’ हे वाक्य त्याने शिकलेले आहे. ते शिकले गेले, त्या अर्थी त्याच्या जागी दुसरे वाक्यही शिकता येते.